पयलीं माती पळय

मृग लागून पंधरा दिवस झाले होते आणि गच्चीवरच्या माझ्या आठही कुंड्यांतली मिरचीची रोपं पिवळी पडायला लागली होती. साधी मिरची नव्हती ती. खोल्याची मिरची. काणकोण तालुक्यातल्या खोला गावात डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर पिकणारी, भौगोलिक मानांकन मिळालेली. एका मैत्रिणीच्या माहेराहून तिचं बी कागदाच्या पुडीत माझ्याकडे आलं होतं. मे महिन्यात रोपं केली, उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात फिरवत वाढवली आणि पहिल्या पावसाआधी कुंड्यांत लावली. तीन आठवड्यांत खालची पानं फिकी झाली, मग लिंबाच्या सालीसारखी पिवळी झाली आणि शेवटी बोट लागताच गळायला लागली.

खालची पानं पिवळी म्हणजे नत्र कमी, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक कुंडीत चिमूटभर युरिया दिला. चार दिवसांत फरक दिसेना म्हणून पुन्हा दिला. आठवड्याच्या आत तीन रोपांनी माना टाकल्या आणि चौथ्याच्या पानांच्या कडा करपल्या.

माझ्या सासूबाई, माई, रोज संध्याकाळी कठडा धरून गच्चीवर येतात. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली त्याला आता सहा वर्षं झाली. उजेड आणि काळोख तेवढा कळतो, बाकी काही नाही. त्याआधीची चाळीस वर्षं म्हापशाजवळच्या आमच्या या घरामागचं परसू त्यांच्या हातातलं होतं. मी त्यांना म्हटलं, "माई, सगळीच पिवळी पडली हो. खत घातलं तरी ऐकत नाहीत." त्या कुंडीजवळ टेकल्या आणि म्हणाल्या, "पानांचें मागीर. पयलीं माती पळय."

पानांचं नंतर, आधी माती बघ. आणि त्यांनी स्वतःच बोट मातीत घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. बाहेर काढून नाकाशी नेलं. मलाही वास घ्यायला लावला. साचलेल्या गटाराच्या कडेला येतो तसा, किंचित आंबट, किंचित कुजकट वास. मग म्हणाल्या, कुंडी उचल. उचलवेना. कुंडीखालच्या ताटलीत पाणी काठोकाठ होतं. भोकाशी कोकोपीटचा बारीक गाळ घट्ट बसला होता. मान टाकलेलं एक रोप उपटून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला.

खोल्याची मिरची उतारावर का लावतात, याचा मी तोवर विचारच केला नव्हता. गोव्यात वर्षाकाठी 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या पावसातही त्या उतारावर मुळांशी पाणी थांबत नाही, म्हणून ती मिरची तिथं सुखानं होते. तिला मी ताटलीत उभी केली होती.

मुळालाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते. तिथं पाणी भरून राहिलं की मुळाला प्राणवायू मिळत नाही आणि त्यावाचून मूळ अन्न ओढून घेऊ शकत नाही, कारण ओढून घ्यायला ताकद लागते आणि ती ताकद श्वासातून येते. कुंडीत नत्र होतं. मी दोनदा वर आणखी घातलंही होतं. पण झाड ते घेऊ शकत नव्हतं, म्हणून नत्राच्या उपासाची लक्षणं दाखवत होतं. घशाला सूज आलेल्या माणसापुढे ताट वाढत राहावं, तसं मी करत होते. आणि जे खत मुळांना घेता आलं नाही, त्यानं त्यांना उलट भाजलं.

ताटल्या काढल्या, कुंड्या विटांवर ठेवल्या, भोकं सळईनं मोकळी केली, वर माडाच्या झावळ्यांचा आडोसा केला. आठांतली चार रोपं वाचली. खत काहीही दिलं नाही. तेविसाव्या दिवशी शेंड्याला नवं हिरवं पान आलं. ती तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

त्या दिवसापासून झाड आजारी पडलं की मी माईंना सांगते. माई कोकणीत बोलतात, मी मराठीत, आणि दोघींचं उत्तम चालतं. न दिसणाऱ्या माणसाला झाड सांगायचं म्हणजे किती अवघड असतं, ते केल्याशिवाय कळणार नाही. "पिवळं पडलंय" म्हटलं की त्या पुढचं विचारतात. वरची पानं की खालची? सगळं पान की शिरांमधला भाग? कडेकडून सुरू झालं की मधून? एकच झाड की रांगेतली सगळी? कधीपासून? आणि शेवटी, दर वेळी न चुकता: त्याआधीच्या आठवड्यात तू काय केलंस? या प्रश्नांची उत्तरं द्यायची तर मला परत जाऊन बघावं लागतं. परत जाऊन बघते, तेव्हा लक्षात येतं की पहिल्यांदा मी फक्त रंग बघितला होता, झाड बघितलंच नव्हतं. रंग डोळ्यांत इतका चटकन भरतो की बाकीचं काही दिसेनासं होतं.

वरची की खालची, हा त्यांचा पहिला प्रश्न. हा प्रश्न वनस्पतिशास्त्रातही पहिलाच आहे, हे मला पुढे वाचताना कळलं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडाच्या अंगात फिरती असतात. कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याकडे पाठवतं, म्हणून आधी खालची पानं उतरतात. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन यांचं तसं नाही. एकदा जिथं बसली तिथून ती फारशी हलत नाहीत. ती कमी पडली तर जुनी पानं हिरवीगार राहतात आणि नवं पान जन्मतःच फिकं, वाकडं किंवा टोकाशी जळलेलं येतं. टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो तोही कॅल्शियम फळापर्यंत न पोहोचल्यामुळे. बऱ्याचदा मातीत कॅल्शियम असतं. पाणी एक दिवस भरपूर आणि तीन दिवस अजिबात नाही, असं झालं की ते वर जात नाही. माई हे सगळं एका वाक्यात सांगतात: खालचं पिवळं म्हणजे भूक, वरचं पिवळं म्हणजे अडचण. त्यांचं वाक्य प्रत्येक वेळी तंतोतंत लागू पडतं असं नाही, पण कुठून शोधायला लागायचं ते मला त्यावरून ठरवता येतं.

अडचण म्हणजे काय, ते एक्झोरानं शिकवलं. देवाला वाहतो तो लाल झुबक्यांचा एक्झोरा. आम्ही कंपाउंडची भिंत नवी बांधली, गिलावा केला आणि तिच्या कडेनं सहा झाडं लावली. वर्षभरात शेंड्यांची पानं पिवळीधम्मक, शिरा मात्र हिरव्या, अगदी रेखून काढल्यासारख्या. माईंनी बोटांनी चाचपलं, पण त्यांना त्यात काही लागेना. पान जाड नव्हतं, चिकट नव्हतं, मुडपलेलं नव्हतं. "नवीं काय जुनीं?" त्यांनी विचारलं. नवी, मी म्हटलं. "मग भिंतीकडून किती लांब?"

हे लक्षण लोहाच्या कमतरतेचं. आणि गोव्यात लोह कमी? आपली माती लाल आहे ती लोहामुळेच. ज्या राज्याच्या डोंगरांतून खनिज भरून बार्जी मांडवी आणि जुवारीतून खाली गेल्या, त्या राज्यात झाड लोहासाठी उपाशी राहतं, हे मला पटेना. मग परसातली माती आणि भिंतीकडची माती अशा दोन पिशव्या तपासायला दिल्या. नमुना घ्यायचीही एक पद्धत आहे. वरचा पालापाचोळा बाजूला करून सुमारे 15 सेंटिमीटर खोल तिरका खड्डा करायचा, त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची, पाच-सहा ठिकाणची एकत्र करायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. परसातल्या मातीचा सामू, म्हणजे आम्लतेचा आकडा (pH), 5.3 आला. आपल्याकडची जांभ्याची माती आम्लच असते, तेव्हा त्यात नवल नव्हतं. भिंतीकडच्या मातीचा मात्र 8.1. गिलावा करताना पडलेलं सिमेंट, चुन्याचे खडे आणि वाळूचा राडा गवंड्यांनी तिथंच पुरला होता आणि वर लाल माती पसरली होती.

लोह मातीत असणं वेगळं आणि मुळाला मिळणं वेगळं. सामू वाढला की लोह पाण्यात विरघळेनासं होतं, आणि जे विरघळत नाही ते मुळाला घेता येत नाही. खात्री कशी करायची, ते 1840 च्या दशकात यूझेब ग्रिस या फ्रेंच माणसानं दाखवून ठेवलं आहे. त्यानं पिवळ्या पानांवर लोहाच्या क्षाराचं पातळ पाणी लावलं आणि ती हिरवी झाली. मी लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचाच क्षार, विरघळवली आणि एका पानाच्या फक्त डाव्या अर्ध्या भागावर ब्रशनं लावली. उजवा अर्धा तसाच ठेवला. दहा दिवसांनी डावीकडे हिरवे ठिपके उमटले होते आणि उजवीकडे पिवळं तसंच होतं. घरच्या घरी झाडाला प्रश्न विचारायची इतकी स्वच्छ पद्धत मला दुसरी माहीत नाही. मी ते पान माईंच्या हातात दिलं आणि त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. त्या बराच वेळ त्याच्या मधल्या शिरेवरून बोट फिरवत राहिल्या.

झाडं तिथून हलवली. हिराकस कायमची देत राहण्यापेक्षा तो राडा उपसणं बरं, पण भिंतीच्या पायाशी खणायला घरातल्यांची तयारी नव्हती. तिथं आता कोरफड आहे.

काही आजार माईंच्या बोटांना माझ्या डोळ्यांआधी कळतात. मिरचीचा बोकड्या हा त्यातला एक. पान वरच्या बाजूला मुडपून होडीसारखं झालं की फुलकिडे. तेच पान खालच्या बाजूला वळून पालथ्या होडीसारखं झालं, देठ लांबला आणि पान अरुंद झालं की कोळी नावाची बारीक कीड. त्या दोन बोटांत पान धरतात, अंगठा कुठल्या बाजूनं पोकळीत शिरतो ते बघतात आणि सांगतात. फुलकिडे मला पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून दिसतात, बारीक पिवळसर रेघा पळाव्यात तसे. हा कोळी मात्र साध्या डोळ्यांना दिसतच नाही, त्याला भिंग लागतं. हा फरक जपावा लागतो, कारण फुलकिड्यांसाठीचं औषध बहुधा कोळ्यांना मारत नाही. ते मारतं कोळ्यांना खाणाऱ्या मित्रकिड्यांना, आणि मग कोळी दुपटीनं वाढतात. कोळ्यांना गंधक चालतं. म्हणजे पान कुठल्या बाजूला वळलंय हे नीट न बघता बाटली उचलली, तर रोग आपणच वाढवतो. आणि बारीक, फिकट, चुरगळलेली पानं दाटीवाटीनं आली, झाड खुजं राहिलं, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. त्याला औषध नाही, ते झाड उपटायचं. मला अजूनही झाड उपटताना हात जड होतो.

गेल्या वर्षी माई जास्वंदीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, पान चिकट लागतंय. मी पानं उलटून बघितली. मावा नाही, पिठ्या ढेकूण नाही, काहीच नाही. पानांवर वरून मात्र काजळी धरली होती. केळीच्या पानांवरही तीच, पेरूच्याही. मी पेरूची छाटणी करायला निघाले होते. माईंनी विचारलं, "वर कितें आसा?" वर माड होता. खालच्या झावळीची एक पाती ओढून उलटी केली तर पांढऱ्या मेणाची चक्राकार नक्षी, उदबत्तीच्या वेटोळ्यासारखी, आणि तिच्यात बारीक पांढऱ्या माश्या. ही चक्राकार पांढरी माशी 2016 साली तमिळनाडूत पोल्लाचीच्या भागात माडांवर पहिल्यांदा सापडली आणि नंतर पश्चिम किनाऱ्यानं वर पसरली. ती झावळीतला रस शोषते आणि गोड चिकटा खाली सोडते. खालच्या झाडांच्या पानांवर त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. जास्वंद आजारी नव्हतीच. तिच्या डोक्यावरचा आजार तिच्यावर ठिबकत होता.

शेजारच्या काकींनी लगेच पाडेल्याला, म्हणजे माडावर चढणाऱ्याला, बोलावून जहाल औषध मारून घ्यायचा सल्ला दिला. त्यांचा जीव माडात अडकलेला, मला ते समजतं. पण या माशीच्या पिल्लांत अंडी घालणारी एक इवलीशी गांधीलमाशी असते, आणि तिनं धरलेली पिल्लं काळी पडतात. मी भिंगातून पाहिलं तर आमच्या पातीवर दहातली तीन-चार काळी होती. म्हणजे मदत आधीच पोहोचली होती, आणि औषधानं पहिली मेली असती ती तीच. आम्ही खालच्या झावळ्यांवर जोरानं पाणी मारलं. काजळीवर पातळ खळ फवारली, खळीचा पापुद्रा वाळला की काजळी त्याच्याबरोबर सुटून पडते. आणि थांबलो. थांबणं सर्वांत कठीण गेलं. रोज वर बघायचं आणि काही करायचं नाही.

माझ्या माहेरी, फोंड्याकडच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, थांबण्याचा अर्थ वेगळा होता. तिथं पावसाआधी हात चालले नाहीत तर नंतर काही उपयोग नसे. मिरीचे वेल जुलैत एका आठवड्यात उभेच्या उभे जात. सोमवारी दोन काळे डाग, कडा झालरीसारख्या, आणि पुढच्या सोमवारी पोफळीखाली पानांचा सडा. शीघ्र मर. मुळांशी पाण्यात वाढणारा रोगाणू आणि पावसाच्या थेंबांबरोबर खालच्या पानांवर उडणारी माती, एवढं त्याला पुरतं. पोफळीच्या कोळेरोगाचा रोगाणू त्याचाच भाऊबंद. त्यामुळे बाबा मे संपायच्या आत बोर्डो मिश्रण करत: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळ्या पिंपांत, लोखंडाचं भांडं वर्ज्य. मिश्रण झालं की घासून लखलखीत केलेली सुरी त्यात बुडवून बाहेर काढायचे. पात्यावर तांबूस लेप चढला तर आम्लता शिल्लक आहे, पानं भाजतील, आणखी चुना घाला. पातं स्वच्छ राहिलं तर मिश्रण तयार. फ्रान्समधल्या बोर्दोकडे द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, आणि त्याच वेली रोगातून वाचल्या, हे मियार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आलं. 1885 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ही गोष्ट बाबांना माहीत नव्हती. सुरी मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. सुरी धरायचं काम माझं होतं, आणि ती स्वच्छ निघाली की मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटे.

आता वांग्यांचं. आगशीच्या वांग्यांची रोपं मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणली होती, दोन वर्षांपूर्वी, तुळशीच्या लग्नाच्या आसपास. सोळा रोपं परसात लावली. पहिलं फूल आलं आणि एक झाड दुपारी मलूल झालं. संध्याकाळी पुन्हा ताजं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळीही उठलं नाही. मी माईंना सांगितलं. "पिवळं झालं?" नाही, हिरवंच आहे. "डाग?" एकही नाही. "माती?" हाताला ओल लागते, पण साचलेली नाही, वासही नाही. माई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, हिरवं असताना मरतं ते वाईट.

त्यासाठी पेल्याची परीक्षा आहे. जमिनीलगतचं खोड कापून दोन इंचांचा तुकडा काढायचा, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्यायचं, तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा तो वरून धरून ठेवायचा. हलवायचा नाही. मी पेला खिडकीत उजेडासमोर धरला. दोन-तीन मिनिटं काहीच नव्हतं. मग त्या टोकातून दुधासारखा एक बारीक धागा सुटला आणि सरळ खाली उतरू लागला. त्याच्या बाजूनं दुसरा. विझलेल्या वातीचा धूर उलटा लोंबावा तसे. ते सगळे जिवाणू होते. खोडातल्या पाण्याच्या नळ्या त्यांनी भरून टाकल्या होत्या. दुपारी उन्हात झाडाला पाणी जास्त लागतं, तेव्हा नळ्या कमी पडत, रात्री मागणी कमी म्हणून झाड सावरे, आणि एक दिवस नळ्या पुरत्या बंद झाल्या. अर्विन स्मिथ यांनी 1896 मध्ये या रोगाचं कारण जिवाणू असल्याचं मांडलं. बुरशीची मर असती तर पानं आधी पिवळी पडली असती, बऱ्याचदा एकाच अंगाची, आणि पेल्यातलं पाणी स्वच्छ राहिलं असतं.

मी माईंना धागे सांगत होते. त्या म्हणाल्या, थांब, घाई करू नको, किती जाड आहेत? मी म्हटलं, शिवायच्या दोऱ्याएवढे. "मग शेजारचंही गेलं." शेजारच्या झाडाला तेव्हा काहीसुद्धा झालेलं नव्हतं. पाचव्या दिवशी तेही लवलं. पंधरा दिवसांत सोळांतली अकरा गेली.

यावर औषध नाही. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतो आणि वांग्याच्या कुळातलं काहीही, म्हणजे टोमॅटो, मिरची, बटाटा, तिथं लावलं की पुन्हा उठतो. आलंही त्याला चालतं. खुरप्याला लागलेल्या मातीतून आणि वाफ्यातून वाफ्यात जाणाऱ्या पाण्यातून तो पसरतो, आणि मी रोज त्याच खुरप्यानं सगळीकडे फिरत होते. झाडं मुळांसकट उपटून जाळली, पाण्याचा पाट वळवला, त्या वाफ्यात तांबडी भाजी टाकली. जुन्या गोव्याजवळ एला इथं केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, मर न लागणाऱ्या वांग्यांवर तिथं काम झालेलं आहे. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेलं वांगंही या रोगापुढे टिकतं. पण आगशीच्या वांग्याची चव मला हवी होती, आणि तिचा मोह सुटत नव्हता.

अबोलीची गोष्ट राहिली. आमच्या दाराशी अबोलीचे दोन वाफे आहेत, चतुर्थीला वळेसर घरचाच असतो. त्यातला एक वाफा खुरटला. पानं फिकी, फुलांचे दांडे आखूड, दुपारी किंचित लवलेली झाडं. मी नत्र म्हटलं, मॅग्नेशियम म्हटलं, पाणी म्हटलं. माईंनी एक झाड उपटायला सांगितलं आणि मुळांवरून बोटं फिरवली. गाठीच गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म किडे. मला तिथंच शेंगवर्गाची शंका आली, कारण चवळीच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या चांगल्या असतात. माईंनी चवळीचंही एक रोप उपटायला लावलं. चवळीची गाठ नखानं टोकरली की सुटून येते, फोडली की आत गुलाबी. अबोलीची गाठ सुटत नव्हती. ते मूळच तिथं फुगलं होतं. हा फरक मी कित्येकदा वाचलेला होता, पण हातात दोन्ही मुळं एकदम धरेपर्यंत तो मला कळला नव्हता. वाफ्यात निंबोळी पेंड मिसळली, वर्षभर झेंडू लावला. अबोली आता बऱ्यापैकी आहे, पूर्वीसारखी नाही.

या नोव्हेंबरात मी वांगी पुन्हा लावली. जुन्या वाफ्यापासून लांब, विहिरीच्या वरच्या अंगाला, नव्या मातीत, वेगळं खुरपं घेऊन. दहा रोपं. रोज सकाळी आणि दुपारी मी प्रत्येक झाडाशी थांबते आणि मनातल्या मनात ते माईंना सांगते, म्हणजे काही सुटत नाही. काल दुपारी सातवं झाड लवलेलं दिसलं. संध्याकाळी उठलं. आज दुपारी पुन्हा लवलं. हिरवंच. माझ्या पोटात गोळा आला.

मी वाट बघितली नाही. झाड मुळासकट काढलं, खोड कापलं, पेला भरला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरला. माई शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं. एक मिनिट. दोन. चार. माझा हात थरथरायला लागला तसा मी कोपर ओट्यावर टेकवला. आठ मिनिटं झाली.

"कितें दिसता?"

"पाणी," मी म्हटलं. "नुसतं पाणी, माई. एकही धागा नाही."

त्यांनी मान हलवली आणि हात पुढे केला. "मूळ दी म्हाका."

मी माती झटकून मूळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि वरून खाली अंगठा फिरवायला सुरुवात केली, सावकाश, एकेका फांदीवरून. तिसऱ्या फांदीवर अंगठा थांबला, मागे गेला आणि पुन्हा त्याच जागी आला.

"हांगा," त्या म्हणाल्या, आणि माझं बोट धरून तिथं ठेवलं.